चालकाचा रकाना

सप्टेंबर २०२५. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला सॅन ब्रूनो नावाचं गाव आहे. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांना पकडायला पोलिसांनी रात्रीची नाकाबंदी लावली होती. त्यांच्या डोळ्यांदेखत एका गाडीने बेकायदा यू-टर्न मारला. गाडी अडवली, काचेतून आत पाहिलं, तर पुढच्या सीटवर कोणीच नाही. वेमोची रोबोटॅक्सी. आता पावती फाडायची कोणाच्या नावाने? पोलिसांनी कंपनीला कळवलं आणि गाडी सोडून दिली. आमच्या पावतीपुस्तकात रोबोसाठी रकानाच नाही, असं नंतर त्यांनीच समाजमाध्यमावर लिहिलं.

कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये त्यासाठी कायदा केला. त्याच्या अंमलबजावणीची तारीख जुलै २०२६. त्यानुसार पोलीस थेट कंपनीच्या नावाने नोटीस काढू शकतात. नोटीस. दंडाची पावती नव्हे.

*

आपल्याकडे ही अडचण आलीच नसती. द्रुतगती मार्गावरचा कॅमेरा नंबरप्लेट वाचतो आणि ई-चलान मालकाच्या मोबाइलवर येऊन पडतं. गाडी मेहुण्याने नेली होती की भाच्याने, कॅमेऱ्याला त्याचं काही देणंघेणं नाही. उद्या गाडी कोणीच चालवत नसलं तरी चलान वेळेवर येईल.

*

अपघात झाला की मात्र आपलंही गाडं अडेल. १ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांत अपघातानंतर भरायचे नमुने ठरवून दिले आहेत. त्यातला तिसरा चालकाने भरायचा, चौथा मालकाने. बावीस वर्षं मोटार अपघाताच्या दाव्यांत गेल्यामुळे कागद हातात आला की माझी नजर आधी चालकाच्या नावावर आणि लायसन्सवर जाते. सामनेवाले कोण, विमा कंपनी कुठली पळवाट काढणार, हे निम्मं तिथेच कळतं. या वहीत गेले काही महिने जे टिपत आलो, ते सगळं त्या एका रकान्याभोवतीचं आहे.

*

१८ मार्च २०१८, रात्रीचे दहा वाजायला आले होते. ॲरिझोना राज्यातलं टेम्पी शहर. एक बाई सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होती. तिथे झेब्रा पट्टे नव्हते. उबरची चाचणीवरची व्होल्वो ताशी साठ किलोमीटरहून अधिक वेगाने तिच्यावर आदळली. स्वयंचलित गाडीने पादचाऱ्याचा जीव घेतल्याची ही पहिली नोंद.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने या अपघाताचा जो अहवाल दिला, तो मी दोनदा वाचला. असा पंचनामा आपल्या पोलीस ठाण्यातून कधी हाती आला असता तर माझे निम्मे दावे सहा महिन्यांत संपले असते. गाडीच्या यंत्रणेला ती बाई ५.६ सेकंद आधी दिसली होती. यंत्रणेने तिला कधी वाहन ठरवलं, कधी सायकल, कधी 'इतर'. दर वेळी नाव बदललं की आधीचा माग पुसला जाई, त्यामुळे ती कुठल्या दिशेने चालली आहे हे उमगेचना. परवानगी नाही अशा जागीसुद्धा माणूस रस्ता ओलांडू शकतो, ही शक्यताच यंत्रणेत धरलेली नव्हती. (ती गाडी लक्ष्मी रोडवर आणली असती तर अख्खं पुणं 'इतर'मध्ये गेलं असतं.) धडक होणारच हे कळलं तेव्हा १.२ सेकंद उरले होते. त्यातला एक सेकंद यंत्रणेने काही करायचं नाही, असं आधीच ठरवून ठेवलेलं, कारण नसताना ब्रेक लागू नयेत म्हणून. उरले ०.२ सेकंद. तेवढ्यात भोंगा वाजला. व्होल्वोची स्वतःची आपत्कालीन ब्रेकची सोय होती, पण उबरची यंत्रणा चालू असताना ती बंद ठेवलेली असे.

चालकाच्या जागी देखरेखीसाठी एक माणूस होता. आधी दोघं असत, कंपनीने एक कमी केला. पोलिसांच्या तपासानुसार त्या वेळी फोनवर गाण्याच्या स्पर्धेचा कार्यक्रम चालू होता.

आता निकाल. मृत बाईच्या कुटुंबाशी कंपनीने पंधरवड्याच्या आत तडजोड केली. मार्च २०१९ मध्ये सरकारी वकिलांनी सांगितलं की कंपनीवर फौजदारी जबाबदारी येत नाही. २०२० मध्ये देखरेख करणाऱ्यावर निष्काळजीपणाने जीव घेतल्याचा आरोप ठेवला गेला. त्याच वर्षी डिसेंबरात कंपनीने स्वयंचलित गाड्यांचा विभाग दुसऱ्या कंपनीला देऊन टाकला. जुलै २०२३ मध्ये आरोपीने सौम्य गुन्हा कबूल केला, शिक्षा तीन वर्षांच्या देखरेखीची. सुरक्षा मंडळाने मात्र कंपनीची ढिली सुरक्षाव्यवस्था आणि ॲरिझोना सरकारची अपुरी देखरेख, दोन्हींवर बोट ठेवलं होतं. पण मंडळाला दोष दाखवता येतो, शिक्षा देता येत नाही.

*

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं लिहून थांबलो आणि खोडलं. फोन बघत बसणारा काही संन्यासी नव्हता.

मॅडेलिन क्लेअर एलिश या अभ्यासक बाईंनी केलेली मांडणी जास्त नेमकी वाटते. धडक बसली की गाडीचा पुढचा भाग मुद्दाम चेपतो. तो चेपावा असाच बनवलेला असतो, म्हणजे आतला माणूस वाचतो. स्वयंचलित यंत्रणेत हे उलटं होतं. जवळ बसलेला माणूस दोषाचा मार खाऊन चेपतो आणि यंत्र वाचतं, यंत्रामागची कंपनी वाचते.

*

आजोळी बाजार करून परतताना गाडीवान कासरा सैल सोडून सरळ झोपायचा. गाडीखाली टांगलेला कंदील हेलकावे खात असे आणि बैल आपले आपण वाड्याच्या दारात येऊन उभे राहत. वाटेत कोणाचा बांध फुटला, कोणाच्या ज्वारीत बैलांनी तोंड घातलं, तर दुसऱ्या दिवशी भांडायला लोक धन्याकडे येत. गाडीवान झोपला होता, ही सबब कोणी ऐकून घेत नसे.

बैल विकणाऱ्याकडे मात्र कोणी जात नसे. बाजारात दावं हातात दिल्यावर त्याचा संबंध संपला. तो काही रात्री-अपरात्री तुमच्या गोठ्यात शिरून बैलाला नवी चाल शिकवून जात नव्हता. आजच्या गाडीचा कारखानदार नेमकं तेच करतो. रात्रीत इंटरनेटवरून नवं सॉफ्टवेअर येतं आणि सकाळी गाडी कालच्यापेक्षा वेगळा ब्रेक लावते. मालक तेवढा कालचाच.

*

स्वयंचलनाच्या पायऱ्या ० ते ५. दुसऱ्या पायरीवर गाडी सुकाणू धरते, वेग सांभाळते, पण लक्ष तुमचं हवं आणि दोषही तुमचाच. आपल्याकडे शोरूममध्ये 'अडास' म्हणून जे विकतात ते या पायरीचं. तिसऱ्या पायरीवर ठरावीक परिस्थितीत लक्ष नसलं तरी चालतं, मात्र गाडीने हाक मारली की हजर व्हायचं. मर्सिडीजला जर्मनीत डिसेंबर २०२१ मध्ये याची परवानगी मिळाली, ताशी ६० किलोमीटरपर्यंत. हजर व्हायला मुदत दहा सेकंदांची. वर्तमानपत्रातून डोकं वर काढा, चष्मा बदला, आपण कुठे आहोत ते बघा, पुढे ट्रक का थांबलाय ते समजून घ्या. आठ सेकंद गेले.

कायद्याच्या दृष्टीने ही तिसरी पायरी सगळ्यात वाईट. दुसरीवर माणूस जबाबदार, चौथीवर कंपनी. तिसरीवर घड्याळ.

*

नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. टेस्लाच्या दुसऱ्या पायरीवरच्या यंत्रणेचं नाव 'ऑटोपायलट'. तिच्या थोरल्या बहिणीचं नाव 'फुल सेल्फ-ड्रायव्हिंग', आणि तिच्यापुढे 'देखरेखीखाली' असा शब्द जोडला गेला तो २०२४ साली.

एप्रिल २०१९ मध्ये फ्लोरिडातल्या की लार्गो इथे एका टेस्लाचा चालक खाली पडलेला फोन शोधायला वाकला. ऑटोपायलट चालू होता, चालकाचा पायही वेगाच्या पेडलवर होता. रस्ता संपून आडवा फाटा आला, थांब्याची पाटी होती, लाल दिवा लुकलुकत होता. गाडी तशीच पुढे गेली आणि कडेला उभ्या असलेल्या गाडीवर आदळली. तिथे उभी असलेली बावीस वर्षांची मुलगी गेली, तिच्याबरोबरचा तरुण गंभीर जखमी झाला. चालकाने कुटुंबाशी वेगळी तडजोड केली. कंपनीविरुद्धचा दावा मायामीच्या संघीय न्यायालयात ज्यूरीपुढे चालला. ऑगस्ट २०२५ मध्ये निकाल आला. दोष चालकाचा ६७ टक्के, कंपनीचा ३३. कंपनीने द्यायची रक्कम सुमारे २४ कोटी ३० लाख डॉलर, त्यातले २० कोटी निव्वळ अद्दल घडवण्यासाठी.

रकमेने बातम्या झाल्या. माझं लक्ष मात्र दुसरीकडे गेलं. धडकेच्या आधी गाडीला काय दिसलं, तिने काय केलं, याची नोंद आपल्याकडे सापडत नाही असं कंपनी सांगत होती. फिर्यादींनी तज्ज्ञ नेमला आणि त्याने गाडीतल्याच चिपमधून ती नोंद बाहेर काढली. हे मुद्दाम झालं नव्हतं, असं कंपनीचं म्हणणं. असेल. पण तज्ज्ञ नेमायची ऐपत नसलेल्या कुटुंबाचं काय झालं असतं, हे सांगायला ज्यूरी लागत नाही.

*

परवा स्वारगेटहून येताना रिक्षावाल्याला म्हटलं, "अमेरिकेत बिनड्रायव्हरच्या टॅक्स्या निघाल्यात." तो सिग्नलपर्यंत काही बोलला नाही. मग म्हणाला, "मंग साहेब, ॲक्सिडेंट झाल्यावर पब्लिक मारनार कुनाला?"

हसण्यावारी नेण्यासारखं हे नाही. नव्या न्याय संहितेत जीवघेणा अपघात करून न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैद घातली, तेव्हा जानेवारी २०२४ च्या पहिल्या आठवड्यात मालवाहतूकदार संपावर गेले आणि पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. चालकांचं म्हणणं एकच होतं, थांबलो तर जमाव जिवंत सोडत नाही. सरकारने ते कलम लांबणीवर टाकलं.

यंत्र पळून जात नाही, हा त्याचा गुण मानला जातो. सॅन फ्रान्सिस्कोत २ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री या गुणानेच घात केला. माणूस चालवत असलेल्या एका गाडीने पादचारी बाईला उडवलं, ती शेजारून येणाऱ्या क्रूझ कंपनीच्या रोबोटॅक्सीपुढे पडली. रोबोटॅक्सी आदळली आणि थांबली. मग अपघातानंतर गाडी बाजूला घ्यावी या शिकवणुकीप्रमाणे ती रस्त्याच्या कडेला निघाली. बाई खालीच होती. वीस फूट फरपटत गेली. उडवणारी पहिली गाडी पळून गेली होती ती गेलीच.

कंपनी बुडाली ती या वीस फुटांमुळे नाही, ते सांगण्यात केलेल्या लपवाछपवीमुळे. राज्याच्या मोटार वाहन खात्याने तिचा परवाना त्याच महिन्यात स्थगित केला. केंद्रीय तपासात कंपनीने आपण खोटा अहवाल दिल्याचं कबूल केलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ५ लाख डॉलर दंड भरला. डिसेंबरात तिची मालक असलेल्या जनरल मोटर्सने रोबोटॅक्सीचा खर्चच थांबवला.

*

टेम्पी, मायामी, सॅन फ्रान्सिस्को. तिन्हीकडे साक्षीदार गाडीच. आणि साक्षीदार कंपनीच्या पगारावर.

*

आपल्याकडचा कायदा या विषयात वाटतो तितका मागे नाही, हे मी कोणाला सांगितलं की लोक हसतात. म्हणून नीट लिहून ठेवतो.

ट्रकमधल्या यांत्रिक बिघाडाचं एक प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं. चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध झालाच पाहिजे असं नाही, असं उच्च न्यायालयाचं मत. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये ते खोडून काढलं. त्यानंतर १९८२ मध्ये मोटार वाहन कायद्यातच 'बिनदोष दायित्व' आणावं लागलं. दोष कोणाचा हे न विचारता मृत्यूला १५ हजार. आजचं कलम १६४ त्याच वंशातलं. मृत्यूला ५ लाख, गंभीर इजेला अडीच लाख, आणि अर्जदाराने कोणाचाही दोष दाखवायचा नाही.

२००१ चं कौशनुमा बेगम प्रकरण तर मला पाठ आहे. जीपचा पुढचा टायर फुटला, जीप उलटली, रस्त्याने चालणारा माणूस गेला. चालकाचा हलगर्जीपणा नाही म्हणून मोटार अपघात प्राधिकरणाने दावा फेटाळला, उच्च न्यायालयानेही दाद दिली नाही. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की धोक्याची वस्तू रस्त्यावर आणणाऱ्याने तिच्यापासून होणारं नुकसान भरून द्यावं, चालक चुकला की नाही हा प्रश्न इथे येत नाही. त्या निकालात 'टायर' या शब्दाच्या जागी 'सॉफ्टवेअर' घालून वाचा. एकही वाक्य अडत नाही.

विमा कंपनी अडेल ती लायसन्सवर. चालकाकडे वैध परवाना नव्हता, हा तिचा लाडका बचाव. उद्या ती म्हणेल, चालकच नव्हता तर परवाना कसला आणि पॉलिसी कसली! त्यावर २००४ च्या स्वर्णसिंग निकालाने वाट काढून ठेवली आहे. आमच्या कोर्टाच्या आवारात तिला 'पे अँड रिकव्हर' म्हणतात. विमा कंपनीने आधी जखमीला पैसे द्यावेत, मग ज्याने अटी मोडल्या त्याच्याकडून वसूल करावेत. ब्रिटनने २०१८ मध्ये स्वयंचलित गाड्यांसाठी वेगळा कायदा केला, त्याचाही गाभा हाच. आधी विमा कंपनी भरणार, मग ती कारखानदाराच्या मागे लागणार. आपल्याकडे वसुली मालकाच्या उंबऱ्यावर येऊन थांबते, ती कारखान्याच्या फाटकापर्यंत नेणारं कलम तेवढं हवं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये उत्पादनाच्या दोषाबद्दल वेगळं प्रकरण आहे, पण रस्त्याने चालणारा माणूस कुठल्याही गाडीचा ग्राहक नसतो.

म्हणजे पैसे मिळतील. उशिरा, हेलपाटे घालून, पण मिळतील. दोष कोणाचा हे ठरवायची वेळ आली की मात्र आपण उघडे पडतो. आपला पंचनामा रस्त्यावरच्या टायरच्या खुणा पट्टीने मोजतो.

*

ब्रिटनचा २०२४ चा कायदा अजून दोन पावलं पुढे जातो. गाडी स्वतः चालत असताना झालेल्या बेफिकीर ड्रायव्हिंगबद्दल आत बसलेल्या माणसावर गुन्हा नाही, उत्तर द्यायचं ते मंजुरी घेतलेल्या कंपनीने. आणि जी गाडी स्वतः चालत नाही तिची 'स्वतः चालते' अशी दिशाभूल करणारी जाहिरात केली तर तो गुन्हा. सोनूबाईंना तिथे नाव बदलावं लागेल.

*

नितीन गडकरींना विचारलं की ते सरळ सांगतात, मी मंत्री असेपर्यंत चालकविरहित गाड्या भारतात येऊ देणार नाही. २०१७ मध्ये सांगितलं, डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरातही तेच. कारण, चालकांची रोजी जाईल. कारण खरं आहे. पण २०१९ च्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्यात एक छोटं कलम घातलं गेलं, '२ब'. संशोधनाला उत्तेजन म्हणून काही प्रकारच्या वाहनांना कायद्यातून सूट द्यायचा अधिकार केंद्राला मिळाला. दार लावलंय. कडी आतून आहे.

*

वेमोच्या गाड्यांच्या अडीच कोटी मैलांच्या प्रवासावर स्विस रे या पुनर्विमा कंपनीने वेमोसोबत केलेला अभ्यास २०२४ च्या अखेरीस आला. माणसांच्या तुलनेत इजेचे दावे ९२ टक्क्यांनी कमी, मालमत्तेचे ८८ टक्क्यांनी. वेमोचा यात वाटा आहे हे लक्षात ठेवूनही आकडे मोठे आहेत. २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, आणि त्या गाड्या माणसंच चालवत होती. यंत्र आलं तर त्यातली पुष्कळ वाचतील, हे मी नाकारत नाही. पण माझ्यासमोर बसलेली बाई टक्केवारी विचारत नाही. ती विचारते, ह्यांना कोणी मारलं?

*

भाची सॅन होजेला असते. तिथल्या वेमोतून उतरताना तिने सवयीने 'थँक यू' म्हटलं आणि मग स्वतःशीच ओशाळली. मी तिला सांगितलं, म्हणत जा. आतली सगळी नोंद होते.

*

नोंदीबद्दलच शेवटचं. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक १५७ मध्ये तिसऱ्या पायरीच्या गाड्यांना एक सक्ती आहे. यंत्रणा कधी चालू झाली, कधी बंद झाली, माणसाला कधी हाक मारली, हे गाडीत साठवून ठेवायचं. दुसऱ्या पायरीच्या गाड्यांना तो नियम नाही. आपल्याकडे रस्त्यावर आहेत त्या दुसऱ्याच पायरीच्या, आणि पाय डॅशबोर्डवर टाकून त्यांत बसलेल्या शूरवीरांच्या चित्रफिती मी पाहिल्या आहेत.

नवी गाडी घ्यायला जाल तेव्हा मायलेज विचाराल, सनरूफ विचाराल. एवढं आणखी विचारा, उद्या अपघात झाला तर या गाडीतली नोंद कोणाच्या ताब्यात असेल आणि मी मागितली तर मला मिळेल का? सेल्समन हसेल, मॅनेजरला बोलावेल. उत्तर लेखी मागा.